आधी गिअरबॉक्स, मग गाडी

मला गिअरबॉक्सचं वेड लागलंय, हे एकदाचं जाहीर करून टाकते. पन्नाशी उलटेपर्यंत ज्या वस्तूबद्दल "ते खाली कुठंतरी असतं" यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं, तिच्यावर मी आता बँकेत डबा खाताना बोलते, भिशीत बोलते, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी काकांशीही बोलते. घरचे म्हणतात, हिला कुणीतरी आवरा. पण आवरणार कसं? आपल्या पायाशी, एका बंद पेटीत, लालभडक तेलात बुडून इतकं अफाट काहीतरी चाललेलं असतं, आणि माणसं सेकंडहँड गाडी घेताना सीटकव्हर बघतात! म्युझिक सिस्टीम बघतात! अहो, इंजिन कितीही ठणठणीत असू दे, त्याची ताकद चाकापर्यंत पोचवणारी पेटीच बिघडली तर ती गाडी नुसती दारात धुऊन-पुसून ठेवायची.

निमित्त झालं गुडघ्याचं. डाव्या पायाने क्लच दाबायला साफ नकार दिला आणि डॉक्टर म्हणाले, ऑटोमॅटिक घ्या. नवी घेण्याइतकं बजेट नव्हतं, म्हणून जुनी शोधायला लागलो. आणि जुनी गाडी बघायला निघालं की घरातला प्रत्येक पुरुष तज्ज्ञ होतो. दीर टायरवर लाथ मारून बघायचे. भाचा बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्याने आत बघायचा आणि पुन्हा बंद करायचा. "फर्स्ट ओनर आहे का? किती पळलीय?" एवढं विचारून झालं की तपासणी संपली. ऑटोमॅटिकचं काय बघायचं असतं, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी बँकेतल्या एका सहकाऱ्याने मला उद्यमनगरात पाठवलं.

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. लेथचा आवाज, तापलेल्या लोखंडाचा वास, बोळाबोळांत फौंड्र्या आणि वर्कशॉप. त्यात एका मामांचं गॅरेज. मामा फक्त गिअरबॉक्सची कामं करतात. मी गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर एक ऑटोमॅटिक बॉक्स उघडून मांडलेला होता. मी आपली पेंटवरच्या ओरखड्यांबद्दल काहीतरी विचारायला लागले, तर मामा मान वर न करता म्हणाले, "ताई, गाडी कामाला पाहिजे का फोटो काढायला?"

"कामाला."

"मग रंग काय बघताय? हिकडं या. ह्ये बघा."

आणि त्यांनी टेबलावरचं जे दाखवलं ते बघून मी हरखूनच गेले!

मधोमध एक छोटं दातेरी चाक. त्याच्याभोवती त्याला दात भिडवून फिरणारी तीन-चार लहान चाकं, एका चौकटीत बसवलेली. आणि या सगळ्यांना बाहेरून वेढणारी, आतल्या बाजूला दात असलेली एक कडी. मधलं चाक म्हणजे सूर्य, भोवतालचे ग्रह. मामांनी माझ्या हातात तो संच दिला. "कडी धरून ठिवा, सूर्य फिरवा." फिरवला. ग्रहांची चौकट हळू फिरली. "आता चौकट धरा, सूर्य फिरवा." फिरवला, आणि बाहेरची कडी उलटी फिरायला लागली. उलटी! म्हणजे हाच रिव्हर्स! एकही चाक बाजूला सरकवलं नाही, दात एकमेकांतून सुटले नाहीत, फक्त कुणाला धरून ठेवायचं आणि कुणाला सोडायचं एवढं बदललं आणि वेग, ताकद, दिशा सगळं बदलून गेलं. असे दोन-तीन संच एकामागे एक जोडले की चार, पाच, सहा गिअर तयार. हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याला माझा दंडवत!

धरण्या-सोडण्याचं काम करतात क्लचच्या चकत्या. एक स्टीलची, एक घर्षणाचा थर चिकटवलेली, अशी थप्पी. तेलाचा दाब आला की थप्पी आवळली जाते, दाब गेला की सुटते. मामांनी जळालेली एक चकती माझ्या हातावर ठेवली. काळी ठिक्कर. अंगठा फिरवला तर थर भुग्यासारखा निघून आला, आणि त्या करपलेल्या तेलाचा वास असा की एकदा नाकात बसला तो कायमचा. "ह्यो वास ध्यानात ठिवा," मामा म्हणाले. "गाडी घेताना ह्योच वाचवंल तुम्हाला."

मग मी विचारलं, सिग्नलला गाडी थांबते, इंजिन चालूच असतं, क्लचवर कुणाचा पाय नसतो, तरी इंजिन बंद का पडत नाही? मामांनी बाजूला पडलेला एक जाडजूड गोल डबा पुढे सरकवला. टॉर्क कन्व्हर्टर! छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिलीय ना? पाण्याचा झोत पात्यांवर आदळतो आणि वरचं दगडी जातं फिरतं. इथं पाण्याऐवजी तेल. इंजिनाला जोडलेली पाती तेल भिरकावतात, ते समोरच्या पात्यांवर आदळतं आणि गिअरबॉक्सचा दांडा फिरतो. मध्ये तिसरी पाती असतात, ती परतणारं तेल योग्य दिशेला वळवतात, त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाच्या ताकदीच्या दुपटीच्या आसपास जोर मिळतो. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये फक्त तेल! ब्रेक दाबून उभे राहिलात तर तेल नुसतं घुसळत राहतं, घासायला काही नसतंच. महामार्गावर वेग आला की आतला एक क्लच दोन्ही बाजू घट्ट बांधून टाकतो, म्हणजे वाया काही जात नाही.

त्या रात्री मी झोपले नाही, वाचत बसले. हेर्मान फोटिंगर नावाच्या जर्मन अभियंत्याने द्रवातून ताकद पोचवण्याच्या या युक्तीचं पेटंट १९०५ साली घेतलं, आणि तेही मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी! भन्नाट वेगाने फिरणारं टर्बाइन आणि सावकाश फिरायला हवा असलेला पंखा यांची गाठ घालून द्यायला. पुढे जनरल मोटर्सने १९३९ साली हायड्रामॅटिक आणला. तेलाची जोडणी आणि सूर्य-ग्रहांचे संच एकत्र करून मोठ्या प्रमाणावर बनवलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दुसऱ्या महायुद्धात तोच अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत बसला. आणि त्याच घराण्यातला बॉक्स माझ्या बजेटातल्या जुन्या ग्रँड आय-टेनमध्ये!

पण ऑटोमॅटिक म्हणजे एकच जात नव्हे, हे कळलं तेव्हा तर मी उडालेच. बाहेरून सगळ्यांत दोनच पेडल, आत चार वेगळ्या दुनिया.

पहिली ही, टॉर्क कन्व्हर्टरची. धक्का तेल सोसतं, म्हणून दांडगी. तेल वेळच्या वेळी बदललेलं असेल तर सेकंडहँडमध्ये डोळे झाकून नाही, पण अर्धे मिटून घ्यावी अशी. २००८च्या होंडा सिटीत पाच गिअरची मिळते, ग्रँड आय-टेनमध्ये चार गिअरची, पेट्रोल ब्रेझात २०२० साली चारची आणि २०२२पासून सहाची, इनोव्हा क्रिस्टात सहाची.

दुसरी सीव्हीटी. हिच्यात गिअरच नाहीत! दोन पुली, त्यांच्या शंकूच्या आकाराच्या भिंती जवळ येतात, लांब जातात, आणि त्यांवरून जाणारा पट्टा वर-खाली सरकत अखंड वेग बदलतो. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ साली ही युक्ती छोट्या मोटारीत आणली. ती गाडी मागेही पुढच्याच वेगाने पळायची, तिथं लोकांनी उलट्या शर्यती लावल्या! डाफचा पट्टा रबरी होता, आजच्या मोटारींत स्टीलचा असतो. पातळ कड्यांवर ओवलेले शेकडो स्टीलचे तुकडे; आणि खरी गंमत म्हणजे हा पट्टा ओढत नाही, ढकलतो. पट्ट्याने ढकलायचं! मी मामांना विचारलं, हे रोज कुठं बघायला मिळेल? मामांनी दारातल्या स्कूटरकडे बोट केलं. रबरी पट्ट्याची, पण तत्त्व तेच. १९८४च्या कायनेटिक होंडापासून ते आपल्या घरात आहे, आणि मी कॉलेजात असताना त्याच्यावर बसूनच फिरत होते! सिटीच्या २०१४नंतरच्या पिढीत आणि जुन्या बलेनोत सीव्हीटी आहे. चालायला लोण्यासारखी, पण तेलाच्या बाबतीत कमालीची सोवळी. कंपनीने सांगितलेलंच तेल लागतं. साधं ऑटोमॅटिकचं तेल ओतलं की पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे उठतात आणि खेळ खलास. म्हणून तिच्या बिलावर तेलाचं नाव वाचायचं.

तिसरी एएमटी. आपला नेहमीचाच गिअरबॉक्स, नेहमीचीच क्लचप्लेट, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला आपल्या हातापायाऐवजी यंत्र. भारतात ती २०१४ साली सेलेरिओतून आली आणि स्वस्तात ऑटोमॅटिक सगळ्यांच्या आवाक्यात आलं. गिअर बदलताना मान किंचित डुलते, तो बिघाड नव्हे. पण क्लचप्लेट झिजतेच, आणि चढावर ब्रेकऐवजी एक्सलेटरवर गाडी धरून ठेवायची सवय आधीच्या मालकाला असेल तर फारच लवकर झिजते. बिघडली तरी दुरुस्ती खिशाला झेपते, हा तिचा मोठा गुण.

चौथी ड्युअल क्लच. एक क्लच १, ३, ५ सांभाळतो, दुसरा २, ४, ६. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच टाकून तयार असतो! पापणी लवायच्या आत बदल. मी एकदा पोलो जीटी टीएसआय चालवून पाहिली आणि गुडघा विसरले. पण तिच्यातला सात गिअरचा बॉक्स कोरड्या क्लचचा आहे. रांगत्या ट्रॅफिकमध्ये क्लच घासत राहतो आणि उष्णता वाहून न्यायला क्लचभोवती तेल नाही. फोक्सवॅगनने २०१३ साली जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या याच बॉक्सच्या तेलासाठी परत बोलावल्या. उष्ण, दमट हवेत त्या कृत्रिम तेलामुळे विजेचा घोटाळा होऊ शकत होता, म्हणून त्याजागी खनिज तेल घातलं. अशी जुनी गाडी घेताना ते काम झाल्याची नोंद आणि क्लचचा स्कॅन रिपोर्ट हातात असल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, कारण आतला यांत्रिक-इलेक्ट्रॉनिक भाग बदलायचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

आता खरी मजा, म्हणजे बघायचं कसं!

गाड्या बघायला मामा सोबत यायचे, आणि त्यांचा पहिला नियम: गाडी गार पाहिजे. फोनवरच सांगायचं, "आम्ही आल्याशिवाय सुरू करू नका." पोचल्यावर नमस्कार-चमत्काराच्या आधी बॉनेटवर हात. एका ठिकाणी बॉनेट चटका बसेल इतकं तापलेलं होतं. मालक म्हणाले, "आत्ताच दुधाला जाऊन आलो." मामा म्हणाले, "मग उद्या दुधाच्या आधी येतो," आणि मागे फिरले! कारण जुनी, कडक झालेली सील गार असतानाच दाब सोडतात, आणि गरम गाडी ते लपवते. उलट घसरणाऱ्या चकत्या तेल तापून पातळ झाल्यावरच उघड्या पडतात. म्हणून दोन्ही तपासण्या हव्यात. गार असताना एकदा, अर्धा-पाऊण तास पळवून आणल्यावर तीच पुन्हा.

मग ब्रेक दाबून न्यूट्रलच्या एनमधून ड्राइव्हच्या डीमध्ये. मनात "एक" म्हणून होईपर्यंत बॉक्सने गाडी धरली पाहिजे. पुन्हा एन, मग रिव्हर्सचा आर, पुन्हा तेच. मी हँडब्रेकवर हात ठेवून, श्वास रोखून बसायचे. एका गाडीत डी टाकला, काहीच नाही, काहीच नाही, आणि मग खालून धाडकन दणका! आमच्या दिरांना काही कळलंच नाही. मला कळलं! गाडी बोलत होती आणि मला ऐकू येत होतं!

पुढे सपाटीवर ब्रेकवरून पाय काढायचा. एक्सलेटर न देता गाडी अलगद सरकायला लागली पाहिजे. मग अगदी हलक्या पायाने वेग घ्यायचा. जोरात पळवली की बारीक दुखणी झाकली जातात. कागलच्या बाजूला महामार्गावर ६० ते ८०च्या दरम्यान पाय स्थिर ठेवला आणि गुळगुळीत रस्त्यावरही बारीक थरथर आली, तर टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला क्लच नीट धरत नाही. मग अचानक एक्सलेटर पूर्ण दाबायचा; बॉक्सने गिअर खाली टाकून गाडी उसळली पाहिजे. इंजिनाचा काटा वर गेला आणि गाडी मात्र तिथंच, तर चकत्या घसरतायत. आणि शेवटी जोतिबाचा चढ. अर्ध्या चढावर थांबवून पुन्हा उचलायची. जोतिबाच्या वळणांवर कुठलाही बॉक्स खोटं बोलू शकत नाही!

क्लचवाली गाडी घेणाऱ्यांसाठीही मामांकडे खजिना आहे. हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका, थोडा एक्सलेटर द्या आणि क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट चांगली, घरघरत राहिलं तर प्लेट गेलेली. न्यूट्रलमध्ये गुरगुर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. उलट दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. एकदा पाय दाबायचा, एकदा सोडायचा आणि न उघडता आतलं कळतं! तिसऱ्यातून दुसऱ्यात पटकन टाकताना खर्रकन वाजलं तर गिअरांचा वेग जुळवणारे सिंक्रो झिजलेत.

तेलाचं तर मी स्तोत्र गाऊ शकते. पांढऱ्या कागदावर एक थेंब. लाल आणि पारदर्शक असेल तर उत्तम. तपकिरी असेल तर जुनं झालंय. काळं आणि करपलेल्या वासाचं असेल तर राम राम. गुलाबी, गढूळ, दुधट दिसलं तर आत पाणी गेलंय. आणि हे आपल्याकडे विसरून चालत नाही. ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, कित्येक दिवस वाहतूक बंद होती. जुलै २०२१ला पुन्हा तेच. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन, पॉलिश होऊन बाजारात येतात. गिअरबॉक्सला हवा जायला एक बारीक नळी असते, तिथून पाणी शिरतं, आणि चकत्यांवर थर ज्याने चिकटवलाय त्या डिंकाचा जीव पाणी घेतं. म्हणून मी प्रत्येक मालकाला विचारत होते, "पूर आला तेव्हा गाडी कुठं उभी होती?" उत्तर काहीही येवो, मामा तोवर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघत असायचे. टोकाला वाळलेल्या चिखलाची रेष दिसली की आम्ही चपला घालायचो.

स्कॅनर शेवटी. "पी०७००" असा कोड दिसला की गिअरबॉक्सची तक्रार आहे, पुढचा तपशील त्याच्या स्वतःच्या मेंदूतून वाचायचा. एकही कोड नाही म्हणून लगेच हुरळायचं नाही. गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपुऱ्या दिसत असतील तर कुणीतरी नुकतेच कोड पुसलेत. कागदपत्रांचं सगळ्यांना ठाऊक असतं: आरसी, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, फॉर्म २९ आणि ३०. त्यात फक्त एवढं जोडा की सर्व्हिस बिलांवरचे किलोमीटर तारखेनुसार चढत गेलेले असले पाहिजेत.

जयसिंगपूरच्या एका निवृत्त गृहस्थांची चार गिअरची ग्रँड आय-टेन मिळाली. डाव्या दारावर भलामोठा ओरखडा, मागचा बंपर चेपलेला, सीटकव्हर तर बघवत नव्हतं. घरचे नाक मुरडत होते. पण गार बॉक्सने "एक" म्हणायच्या आत धरलं, जोतिबाचा चढ गुपचूप चढली, तेल बदलल्याची बिलं फाईलमध्ये लावलेली, थेंब लालभडक! मामा कागदाकडे बघून म्हणाले, "घ्या ताई. बॉक्स एक नंबर हाय." मी तिथंच बयाणा दिला.

तर माझा निकाल ऐका. गर्दीत आणि घाटात चालवायची जुनी ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर पहिली पसंती तेल बदलल्याची बिलं असलेल्या टॉर्क कन्व्हर्टरला. योग्य तेलाची नोंद असेल तर सीव्हीटी. बजेट कमी असेल तर क्लचप्लेट तपासून एएमटी. कोरड्या क्लचची ड्युअल क्लच घ्यायची तर स्कॅन रिपोर्ट बघूनच, आणि दुरुस्तीचे पैसे बाजूला ठेवून. गिअरबॉक्सचा स्वतंत्र मेकॅनिक सोबत नेल्याशिवाय यातली कुठलीच घेऊ नका. त्याला द्यावी लागणारी फी ही या सगळ्या व्यवहारातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे.